शहाजीरावांची सरकती उत्तर

सोलापूरच्या जुळे सोलापूर भागात गेल्या आठ-दहा वर्षांत ज्यांनी घर बांधलं, त्यांतल्या निम्म्या लोकांकडे शहाजीराव येडगे येऊन गेलेले आहेत. येऊन गेले म्हणजे नुसता चहा पिऊन गेले असं नाही. शहाजीराव आले की घरातलं काहीतरी हलतंच. कुणाचं कपाट हलतं, कुणाचा पलंग, कुणाचं देवघर. माणूस जरा भाविक आणि खिशानं बरा निघाला तर भिंतही हलते. त्यांच्या कार्डावर 'दिशातज्ज्ञ' असं छापलेलं आहे. हे शिक्षण कुठं मिळतं ते कुणी विचारलं नाही, त्यामुळे त्यांनीही कधी सांगितलं नाही.

मूळचे ते सांगोल्याकडचे. एका वाडीत मेंढरांमागं बालपण गेलं. वडिलांना पूर्व-पश्चिमेशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांच्या लेखी जगात दोनच बाजू होत्या, चाऱ्याची आणि पाण्याची, आणि दुष्काळात त्याही राहत नसत. शहाजीराव विशीत सोलापुरात आले, दोन-चार दुकानांत राबले आणि शेवटी पाण्याच्या काळ्या टाक्या विकायला लागले. ज्या शहरात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, तिथं टाकी म्हणजे घरचा कर्ता पुरुष. धंदा बरा चालला.

एकदा एका गिऱ्हाइकानं गच्चीवर उभं राहून विचारलं, "येडगे, टाकी कुठल्या कोपऱ्यात ठेवायची वो? दिशेचं काय असतंय म्हणं."

शहाजीरावांनी इकडं तिकडं पाहिलं. जिना नैर्ऋत्येला होता आणि अवजड टाकी जिन्याच्या तोंडाशीच ठेवून मोकळं होणं सगळ्यात सोपं होतं. ते गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "नैर्ऋत्य. दुसरीकडं ठेवला तर मी जबाबदार न्हाय."

महिन्याभरात त्या माणसाच्या पोराला नोकरी लागली. पोरगा हुशार होता, दोन वर्षं अभ्यास करत होता, हे सगळं खरं. पण टाकीचं नाव झालं. पुढचं गिऱ्हाईक टाकी घेण्याआधी कोपरा विचारायला लागलं, त्याच्या पुढचं टाकी न घेताच कोपरा विचारायला लागलं. टाकी वाहायला हमाल लागतात, कोपरा नुसता तोंडानं सांगता येतो. शहाजीराव हुशार माणूस. त्यांनी पितळी डबीतलं एक होकायंत्र आणलं, दसऱ्याला त्याची पूजा केली आणि टाक्यांचं दुकान मेव्हण्याला देऊन टाकलं.

त्याच सुमारास त्यांना साडेसाती लागली. रास मकर. जोतिष्यानं सांगितल्याप्रमाणे त्यांनी घोड्याच्या नालेची अंगठी करून उजव्या हाताच्या मधल्या बोटात घातली. आणि होकायंत्रही ते उजव्याच तळव्यावर धरत. डावा हात पुढं करून कुणाच्या घराची दिशा बघणं त्यांना अशुभ वाटायचं, आणि घरमालकालाही ते खपलं नसतं. तर अशी साडेसाती आणि दिशा एकाच हातात घेऊन शहाजीरावांनी जुळे सोलापूर पालथं घातलं.

पहिला बळी मात्र त्यांच्याच घरात पडला.

त्यांची बायको पूनम कडक भाकरी करायची. परसात पत्र्याची शेड, त्यात मोठी चूल, चुलीभोवती पूनम आणि आणखी तीन बायका. त्यांतली मैंदर्गीची सिद्धम्मा म्हणजे त्या शेडचा जीव. तिच्या हाताखालून सुटलेली ज्वारीची भाकरी अशी पातळ व्हायची की उजेडाला धरली तर पलीकडची चूल दिसावी. तव्यावरून उतरली की चुलीतल्या निखाऱ्यांच्या आराला उभी करून वाळवायची, मग ती महिना-महिना टिकायची. पुण्या-मुंबईला जाणारा माणूस शेंगाचटणीबरोबर पूनमच्या भाकरीचं बंडल घेतल्याशिवाय बसत नसे. कॉलनीत तेव्हा शहाजीरावांची ओळख 'भाकरीवाल्या पूनमताईंचे मिस्टर' अशी होती. आता ही ओळख त्यांना बोचत होती की नाही, हे त्यांचं त्यांना माहीत. एवढं खरं, की होकायंत्र घरात आल्यावर आठवड्याच्या आत ते परसात गेले, तळहात पुढं केला आणि जागच्या जागी थबकले.

"पूनम, ही चूल दक्षिणेला हाय! आग्नेयेला पाहिजे का दक्षिणेला? यमाच्या दारात जाळ करून बसलाय तुमी बायका!"

"अहो, सात वरसं जळतीया. काय झालं?"

"झालं न्हाय म्हणूनच भ्या वाटतंय. एकदम होणार."

पूनम भांडली, रडली, दोन दिवस जेवली नाही. पण दुसऱ्यांच्या घरातल्या चुली हलवणाऱ्या माणसाच्या घरात चूल चुकीच्या दिशेला, हे लोकांना कळलं तर धंदा बसेल, असं शहाजीरावांनी सांगितलं आणि मग बोलणं संपलं. दुसरीकडं हलवायला परसात जागा नव्हती. चूल मोडली. तीन बायका घरी गेल्या. सिद्धम्माचा नवरा अंथरुणाला खिळलेला होता, तिला बसून चालण्यासारखं नव्हतं. ती टॉवेलच्या कारखान्यात घड्या घालायला उभी राहिली, ती अजून उभीच होती. शेडमध्ये शहाजीरावांनी मोटारसायकल लावायला सुरुवात केली.

गेली आठ वर्षं पूनमनं नवऱ्याला कधी उपाशी ठेवलं नाही, उलट उत्तरही दिलं नाही. फक्त घरात कडक भाकरी परत झाली नाही. शहाजीरावांनी मागितली की ती मऊ पोळी वाढायची आणि म्हणायची, "दिशा बरोबर न्हाय."

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना उत्तर ध्रुवानं घोटाळा केला.

शेजारचे ईश्वर वाघमारे बँकेत. त्यांच्या घराला दिशा नव्हती, फक्त दारं-खिडक्या होत्या, आणि शहाजीरावांना ते कधी बोलवत नसत. थंडीच्या दिवसांत एका सकाळी ते पेपर घेऊन कुंपणाशी आले.

"शहाजीराव, तुमची उत्तर चालली की रशियाला!"

"कोण चाललंय?"

"उत्तर. होकायंत्राची सुई जिकडं बघते ना, तो चुंबकीय ध्रुव. पृथ्वीचा खरा ध्रुव वेगळा आणि हा वेगळा. हा एका जागी बसतच नाही म्हणे. दोनशे वर्षांपूर्वी सापडला तेव्हा कॅनडाच्या वर होता, आता सायबेरियाकडं सरकलाय. मधी तर वर्षाला पन्नास-पन्नास किलोमीटर पळत होता, आता जरा दमलाय, पस्तीसवर आलाय. पृथ्वीच्या पोटात वितळलेलं लोखंड फिरतंय, त्याच्यामुळं. शास्त्रज्ञ पाच-पाच वर्षांनी नवा नकाशा काढतात, परवा नवा आला. वाचा."

शहाजीरावांनी बातमी तीनदा वाचली. सकाळचा चहा तसाच गार झाला. आजवर आपण शेकडो घरांत छातीठोकपणे 'ही उत्तर' म्हणून बोट दाखवलं, आणि ती बया तिकडं रोज चालतेय! त्यांना पहिल्यांदाच कुणीतरी आपल्या पाठीमागं आपल्याला फसवल्यासारखं वाटलं. बातमी बाकीच्यांनीही वाचली होतीच. दुपारपासून फोन सुरू झाले. मोहोळचा एक दुकानदार थेट विचारू लागला, "साहेब, माझ्या दुकानाची उत्तर किती सरकली? हायवेच्या अंगाला का गावाच्या अंगाला?"

शहाजीराव घाबरून म्हणाले, "बघून सांगतो."

आणि फोन ठेवताना त्यांच्या लक्षात आलं की 'बघून सांगतो' म्हणजे पुन्हा जावं लागणार. म्हणजे पुन्हा बोलावणं. ज्या घरांचं काम एकदा कायमचं संपलं होतं, ती सगळी घरं पुन्हा उघडली! त्यांचा चेहरा असा काही उजळला की पूनमला वाटलं, पोरीला स्थळ आलं.

आठवड्याभरात पत्रकं छापून झाली. 'तुमच्या घराची उत्तर जागेवर आहे का? सरकत्या ध्रुवाची तपासणी करून घ्या.' खाली शहाजीरावांचा फेटा बांधलेला फोटो आणि मागं पृथ्वीचा गोल. गणपतीच्या देवळाजवळच्या हॉलमध्ये त्यांचं व्याख्यानही झालं. ध्रुव हा मूळचा चंचल, तो आपल्या मागच्या जन्मीच्या कर्मानं पळतो, रशियात थंडी असल्यामुळे तिथं त्याचा वेग मंदावला, असं त्यांनी शास्त्रीय भाषेत समजावून सांगितलं. टाळ्या पडल्या. एक निवृत्त अधिकारी दर रविवारी आपला पलंग बोटभर फिरवू लागले, म्हणजे ध्रुवाची बाकी राहायला नको.

मार्च संपता संपता शनी बदलला आणि मकर राशीची साडेसाती सुटली. शहाजीरावांनी शनिवारी आंघोळ करून अंगठी काढली. पुढच्या शनिवारी तेलासकट देवाला वाहू, म्हणून ती देवघरातल्या ताम्हनात ठेवली आणि हलक्या बोटानं ते गिरिजाबाईंकडे तपासणीला गेले.

गिरिजाबाई एकट्या राहणाऱ्या. शहाजीरावांच्या सांगण्यावरून त्यांनी पुढचं दार विटांनी बुजवलं होतं आणि त्या इतकी वर्षं मागच्या बोळातून, गटारीवरची फरशी ओलांडून घरात जात-येत होत्या. शहाजीरावांनी बुजवलेल्या दारासमोर तळहात पुढं केला. सुई थरथरली आणि थांबली. त्यांनी डोळे चोळले. दार निर्दोष होतं! वीस-बावीस अंशांचा फरक! असलं काही त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं.

"बाई," ते म्हणाले, "ध्रुव लई पळालाय. तुमचं दार मोकळं झालं!"

गिरिजाबाईंनी त्याच दिवशी गवंडी बोलावला. विटा फुटल्या आणि पुढच्या अंगणातला वारा आठ वर्षांनी घरात शिरला, तेव्हा त्या पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "देव भलं करो त्या ध्रुवाचं."

त्या आठवड्यात शहाजीराव जिथं गेले तिथं हेच झालं. कुठं पंधरा अंश, कुठं पंचवीस. हलवलेलं सगळं मूळच्या जागेवर शोभत होतं. घरी आल्यावर ते पोरीला, सृष्टीला, मोठ्या अभिमानानं सांगायला लागले. सृष्टी बी.एस्सी.ला होती आणि बापाशी बोलताना तिच्या कपाळावर एक आठी कायमची वस्तीला असे.

"पप्पा, वीस अंश? शक्यच न्हाय. ध्रुव तिकडं हजारो किलोमीटरवर सरकतोय. आपण एवढं लांब, आपल्याला हितं कळतबी न्हाय. सोलापुरात सुई आणि खरी उत्तर यांच्यात सगळा मिळून जेमतेम एखाद्या अंशाचा फरक हाय. आठ वर्षांत तर केसभर हलली असंल."

"पेपरवाल्यांनी खोटं लिवलं व्हय?"

"पेपरवाल्यांनी खरं लिहिलंय. वीस अंश तुमचे हायत."

शहाजीरावांना राग आला. माझे वीस अंश? मी कुठून आणू वीस अंश?

त्याचा उलगडा संध्याकाळच्या दिव्याला झाला. पूनम देवघरात वात लावत होती. शहाजीरावांनी रिवाजाप्रमाणे होकायंत्र देवापुढं ठेवलेलं होतं, शेजारी ताम्हनात अंगठी.

"अहो," पूनम म्हणाली, "ही सुई बघा की. अंगठीकडं बघतीया."

शहाजीराव येऊन बसले. खरंच सुई ताम्हनाकडं वळलेली होती. त्यांनी ताम्हन डावीकडं सरकवलं, सुई डावीकडं गेली. उजवीकडं आणलं, सुई उजवीकडं आली. ध्रुवापेक्षा तिला घोड्याच्या नालेची ओढ जास्त होती. शहाजीरावांनी अंगठी उचलून बोटात घातली, होकायंत्र उजव्या तळव्यावर घेतलं आणि ते परसात, मोटारसायकलीपाशी गेले. पूनम त्यांच्या मागं गेली. सुईनं मोडलेल्या चुलीची जागा दक्षिणेला दाखवली. त्यांनी अंगठी काढून पूनमच्या हातात दिली, तिला लांब व्हायला सांगितलं आणि पुन्हा पाहिलं. जागा आग्नेयेला होती. पहिल्या दिवसापासून होती.

कॅनडातनं निघालेला ध्रुव इतक्या वर्षांत समुद्र ओलांडून गेला आणि सोलापुरात त्यानं केसाएवढा फरक केला. बोटाच्या पेरावर बसलेल्या अंगठीनं मात्र जागचं न हलता अर्धी कॉलनी फिरवली. शहाजीरावांच्या हे ध्यानात आलं, आणि पूनमच्या ध्यानात आलं हेही त्यांच्या ध्यानात आलं. ती त्यांच्याकडं बघत उभी होती. ते मोटारसायकलीच्या आरशाकडं बघत उभे राहिले.

"मी चूल घालणार," ती म्हणाली.

"घाल की! घालच. ध्रुव सरकल्यामुळं आता जागा बरोबर—"

"ध्रुवाचं नाव काढू नका माझ्यापुढं. तुमी चुकला. तेवढं एकदा म्हणा, मग घालते."

शहाजीराव घसा खाकरून आत गेले आणि त्यांनी टीव्ही लावला.

आता खरं तर इथं शहाण्या माणसानं दुकान बंद केलं असतं. पण शहाजीरावांनी विचार केला, की ध्रुव काही आपलं नाव सांगायला सोलापुरात येत नाही. अंगठीचं घरात तिघांनाच ठाऊक. मग ते दुप्पट जोमानं हिंडू लागले. बुजवलेल्या खिडक्या उघडल्या, हलवलेले पलंग माघारी आले, आणि प्रत्येक घरात ध्रुवाची कीर्ती वाढली. आधी ते चुकत होते ते निदान मनापासून चुकत होते. आता बरोबर सांगत होते आणि प्रत्येक शब्द खोटा होता. लोक खूश होते. आपापली घरं त्यांना परत मिळत होती, ती मुळात कुणी काढून घेतली हे कुणाच्या डोक्यात येत नव्हतं.

फक्त घरी येऊन त्यांची वाट अडायची. त्यांनी पूनमला नवी शेड देऊ केली, धूर बाहेर जायला पंखा देऊ केला, 'पूनम कडक भाकरी' अशी पाटी रंगवून आणली. तिनं पाटी उलटी करून तिच्यावर कुरडया वाळत घातल्या.

"अगं, आता आणखी काय पायजे?"

"एक वाक्य पायजे. दमडी लागत न्हाय त्याला."

हे वाक्य शहाजीरावांच्या तोंडून निघत नव्हतं, कारण आजवर ते कधी निघालेलंच नव्हतं. आरशासमोर दाढी करताना त्यांनी दोनदा प्रयत्न केला. 'मी चु' पर्यंत आले आणि गालाला कापलं.

आणि मग एका सकाळी त्यांना धुराचा वास आला. ते दिवाणखान्यात गुरुबसप्पा नावाच्या अक्कलकोट रोडच्या नव्या बंगलेवाल्याशी बोलत होते. परसात मोटारसायकल कुणीतरी बाहेर काढून उन्हात उभी केली होती. जुन्याच जागी तीन दगड मांडून पूनमनं जाळ केला होता आणि ती एकटीच भाकरी थापत होती. वाक्याची वाट बघून तिचा जीव कंटाळला होता.

गुरुबसप्पानं दारातून डोकावून पाहिलं. "येडगेसाहेब, तुमच्या घरात चूल तिथं कशी वो? तुमीच ती काढायला लावलेली म्हणून ऐकलो होतो."

"त्याचं असं हाय," शहाजीराव सवयीनं सरसावले, "उत्तर ध्रुव जो हाय, तो कॅनडातून—"

तेवढ्यात पूनम परसाच्या दारात आली. हाताला पीठ, कपाळावर घाम, केसात राखेचा कण. चेहरा रागीट नव्हता. आता हे काय बोलतील ते तिला पाठ होतं आणि ती ते ऐकायला उभी राहिली होती. त्या चेहऱ्याकडं बघून शहाजीरावांना आयुष्यात पहिल्यांदा आपलीच लाज वाटली. अगदी साधी, कान गरम करणारी लाज.

"ध्रुवाचं काय न्हाय त्यात," ते म्हणाले. "चूल पहिल्यापासनं बरोबर होती. मी चुकलो. माझ्या बोटात लोखंडाची अंगठी होती, तिच्यामुळं सुई फिरायची. मी चुकीचं सांगितलो, हिला बी आणि लोकांला बी."

मग गुरुबसप्पा पुढं आला आणि त्यानं वाकून नमस्कार केला.

"काय मोठेपणा वो! एवढा ज्ञानी माणूस आणि मी चुकलो म्हणतोय! साहेब, आमच्या बंगल्याला तुमीच पायजे, दुसरं कोण न्हाय."

शहाजीरावांनी त्याला परोपरीनं समजावलं. अंगठी आणून दाखवली, सुई फिरवून दाखवली. जितकं सांगावं तितका गुरुबसप्पा विरघळत गेला. जाताना त्यानं अंगठीलाही हात जोडले आणि अशी कुठं मिळते ते विचारून घेतलं. खरं बोललेलं एकाच माणसाला खरं वाटलं, आणि ते माणूस पीठ लागल्या हातांनी दारात उभं होतं.

"झालं?" शहाजीराव तिला म्हणाले. आवाजात जराशी शाबासकीची अपेक्षा होती, नाही असं नाही.

"माझं झालं," पूनम म्हणाली. "सिद्धम्माचं कुटं झालं? जावा तिच्याकडं. आणि ती डबी हितंच ठेवून जावा."

सिद्धम्मा दोन गल्ल्या पलीकडं राहायची. त्या गल्लीत शहाजीरावांना सगळे ओळखत होते, पण हातात होकायंत्र नसलेले शहाजीराव कुणी पाहिले नव्हते. हात कुठं ठेवावेत हेच त्यांना कळेना. कधी खिशात घालावेत, कधी पाठीमागं धरावेत, असं करत ते दारापाशी पोहोचले. सिद्धम्माची पाळी दुपारची होती. ती उंबऱ्यावर बसून गुडघ्याला तेल चोळत होती. नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती, पण तो गेला हे शहाजीरावांना तिच्या रिकाम्या कपाळाकडं पाहिल्यावर आत्ता कळलं.

"अय्यो, येडगेसाहेब! आमच्या घराची दिशा बघायला आलाय का? एक खोलीच हाय. काय हलवणार?"

"न्हाय अक्का. सांगायला आलोय. ती चूल... चूल बरोबर होती. माझं यंत्र चुकलं." ते थांबले. यंत्राचं नाव घेतलं की अजून पळवाट राहते, हे त्यांचं त्यांनाच उमगलं. "यंत्र न्हाय. मी चुकलो. तुमचं काम माझ्यामुळं गेलं."

सिद्धम्मानं तेलाची बाटली बंद केली. तिला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही.

"ते आमाला तवाच ठावं होतं."

"कसं?"

"भाकरी चांगली होत होती की. चुलीचं आणखी काय बघायचं असतंय?"

शहाजीराव काहीतरी बोलू लागले. पूनमनं पुन्हा चूल पेटवलीय, तुम्ही या, पगार वाढवून देऊ, पंखा बसवू. सिद्धम्मानं हात वर केला.

"साकु, साकु. पुरं. पूनमताईकडं मी येणार, तिनं बोलवलं की येणार. ते तुमी सांगायला नको." ती उंबऱ्याला धरून उठली. गुडघा सरळ व्हायला वेळ लागला, आणि तो होईपर्यंत ती त्यांच्याकडंच बघत होती. "मी आठ वरसं उभी ऱ्हायले साहेब, टॉवेलाच्या घड्या घालत. आमचे मालक गेले त्या दिवशीबी पाळीवरच होते. तुमी एवढ्या लोकांला सांगता, हे हिकडं ठेवा, ते तिकडं ठेवा. आता मला सांगा की, माझी ती आठ वरसं कुठल्या कोपऱ्यात ठेवू?"

शहाजीराव तसेच उन्हात उभे राहिले, आणि सिद्धम्मा कारखान्याला जायचा डबा भरायला आत गेली.